नागरी संरक्षण (भारत)

नागरी संरक्षण : युद्धकाळात हवाई हल्ल्यांपासून वस्ती वाचवणे, जखमींना हलवणे आणि कारखाने व दळणवळण चालू ठेवणे यांसाठी सामान्य नागरिकांची उभारलेली स्वयंसेवी यंत्रणा. बोलीत तिला ‘सिव्हिल डिफेन्स’च म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धात भारतातल्या शहरांत ‘ए.आर.पी.’ची, म्हणजे हवाई हल्ल्यांपासून बचाव करणारी, पथके होती. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी कलकत्त्यावर बाँब टाकले तेव्हा त्यांची खरी कसोटी लागली. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात होमगार्डची स्थापना झाली, पण ती दंगलींच्या काळात पोलिसांच्या मदतीसाठी. नागरी संरक्षण आणि होमगार्ड यांची गल्लत आजही सर्रास होते. नागपूरला १९५७ मध्ये आपत्कालीन मदतीचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था निघाली. तेच पुढचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय. चीन युद्धानंतर या कामाला जोर आला आणि १९६८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. यंत्रणेत बारा सेवा आहेत : अग्निशमन, सुटका, जखमींची शुश्रूषा, दळणवळण वगैरे, त्यांत मृतदेहांची विल्हेवाट लावणारीही एक आहे.

या साऱ्याचा कणा म्हणजे वॉर्डन, आपल्या वस्तीची जबाबदारी घेणारा स्वयंसेवक. तो त्याच आळीतला, त्याच चाळीतला असावा लागतो, कारण कोणत्या खोलीत म्हातारी एकटी राहते आणि गच्चीची किल्ली कोणाकडे असते, हे बाहेरच्याला ठाऊक नसते. डिसेंबर १९७१ च्या युद्धात मुंबईकरांनी खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवले, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला. भोंग्याचा आवाज वरखाली होत राहिला तर धोका, एकसलग वाजला तर धोका टळला. एखाद्या खिडकीतून उजेडाची तिरीप दिसली की खालून हाक यायची : ‘अहो, तो दिवा घालवा!’

याच युद्धात सर्वांत मोठे काम मात्र कुठल्याही सेवेच्या चौकटीत न बसणाऱ्या बायकांनी केले. ८ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी बाँबफेकीत कच्छमधल्या भूज विमानतळाची धावपट्टी उखडली गेली. दुरुस्तीला मजूर अपुरे होते. तळाचे प्रमुख स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक यांनी जिल्हा प्रशासनाकडे माणसे मागितली आणि शेजारच्या माधापर गावातून सुमारे ३०० स्त्रिया आल्या. त्यांना ना प्रशिक्षण होते, ना गणवेश. आकाशातून दिसू नये म्हणून त्या फिकट हिरव्या साड्या नेसून आल्या. भोंगा झाला की काम टाकून झुडपांत शिरायचे आणि धोका टळला की पुन्हा घमेले उचलायचे. पहिला दिवस जवळजवळ उपाशीच गेला. दुसऱ्या दिवशी जवळच्या मंदिरातून फळे आणि मिठाई आली. धावपट्टी ७२ तासांत विमाने उडण्याजोगी झाली. पुढे इंदिरा गांधींनी ५०,००० रुपयांचे बक्षीस दिले, ते गावाच्या समाजमंदिरासाठी वापरले गेले. या घटनेत कलेक्टरइतकेच महत्त्व गावच्या सरपंचाला द्यायला हवे. सरकारी हुकमाने एका रात्रीत ३०० बायका घराबाहेर पडत नाहीत. ओळखीच्या माणसाचा शब्द लागतो.

१९७१ नंतर ही यंत्रणा बहुतांशी कागदावर उरली. कायद्यात दुरुस्ती होऊन २०१० पासून पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींतील मदतही तिच्या कामात आली. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घेण्याचे आदेश दिले. महाराष्ट्रात मुंबई, उरण आणि तारापूर ही ठिकाणे सर्वांत संवेदनशील गटात होती. तोवर भोंगा म्हणजे ३० जानेवारीला सकाळी अकराच्या सुमारास हुतात्म्यांच्या स्मरणार्थ वाजणारा, एवढीच अनेक तरुणांना त्याची ओळख होती.