जॉनी क्वेस्ट (डीव्हीडी व ब्लू-रे संच)

अमेरिकेतील हॅना-बार्बेरा स्टुडिओच्या ‘जॉनी क्वेस्ट’ या साहसी कार्टून मालिकेचे सर्व २६ भाग देणारे संच. डीव्हीडी संच २००४ मध्ये आला, ब्लू-रे संच २०१९ मध्ये. भाग तेच असले तरी काही संवादांत फरक आहे, आणि कोणता संच घ्यावा हे त्यावरूनच ठरते.

मूळ मालिका एबीसी वाहिनीवर १८ सप्टेंबर १९६४ पासून मार्च १९६५ पर्यंत संध्याकाळच्या वेळी दाखवली गेली. कॉमिक्सचे चित्रकार डग वाइल्डी यांच्याकडे आधी ‘जॅक आर्मस्ट्राँग’ या रेडिओवरच्या नायकाचे काम आले होते. त्याच्या हक्कांचे जमले नाही, तेव्हा त्यांनी नवी मंडळी उभी केली: शास्त्रज्ञ डॉ. बेंटन क्वेस्ट, त्यांचा मुलगा जॉनी, अंगरक्षक रेस बॅनन, कोलकात्याचा हाजी आणि बँडिट हा कुत्रा. आधी करून ठेवलेली चाचणीची दृश्ये मात्र वाया गेली नाहीत. श्रेयनामावलीच्या मागे भाले फेकणाऱ्यांच्या तावडीतून निसटणारी जी माणसे दिसतात, ती जॅक आर्मस्ट्राँगच्या त्या चाचणीतली. मालिकेच्या कुठल्याच भागात ती सापडत नाहीत, ती यामुळे.

खर्च फार होत असल्याने मालिका एका हंगामातच थांबली. पुढे शनिवार सकाळच्या पुनःप्रसारणाने तिला खरा प्रेक्षक दिला. व्हीएचएस कॅसेटवर मोजकेच भाग मिळत. सगळी मालिका क्रमाने घरी पाहता येऊ लागली ती २००४ च्या चार डिस्कच्या संचामुळे. त्याच्या नावात ‘संपूर्ण पहिला हंगाम’ असे शब्द आहेत, पण मूळ मालिकेला दुसरा हंगाम नाहीच. १९८६-८७ मध्ये निघालेले १३ नवे भाग या संचात नाहीत, आणि दर्जाने ते मूळ भागांच्या जवळपासही जात नाहीत.

डीव्हीडीची अडचण कात्रीची आहे. ‘परस्यूट ऑफ द पो-हो’ या ॲमेझॉनच्या जंगलातल्या भागात रेस बॅनन अंगाला जांभळा रंग फासून टोळीचा देव बनतो आणि लोकांना घाबरवतो. त्यातले त्याचे टोळीविषयीचे तुच्छतेचे उद्गार डीव्हीडीत गाळले आहेत. उद्गार वाईटच आहेत. पण जांभळ्या देवाचा सगळा प्रसंग ठेवून दोन वाक्ये काढल्याने ती दृष्टी जात नाही, फक्त झाकली जाते. वॉर्नर आर्काइव्हच्या ब्लू-रे संचात हे भाग न कापता दिले आहेत, म्हणून १९६० च्या दशकातील अमेरिकी टीव्ही समजून घ्यायचा असेल तर तोच संच घ्यावा. चित्रही त्यात पुष्कळ स्वच्छ आहे. वाइल्डींनी कॉमिक्समधून आणलेल्या, अर्धा चेहरा गिळून टाकणाऱ्या काळ्याकुट्ट सावल्या इथे नीट उठून दिसतात. हालचाली मोजक्या असूनही ‘द रोबॉट स्पाय’मधला कोळ्यासारखा, एका डोळ्याचा यंत्रमानव आजही धडकी भरवतो, त्याचे निम्मे श्रेय संगीतकार हॉइट कर्टिन यांच्या दणदणीत जॅझला द्यायला हवे.

भारतीय प्रेक्षकाला या संचांत सर्वांत जवळचा विषय म्हणजे हाजी. पहिल्या भागात तो नाही. तो या कुटुंबात कसा आला हे ‘कलकत्ता ॲडव्हेंचर’ या भागात आठवणीच्या रूपाने येते: डॉ. क्वेस्टवर फेकलेल्या सुऱ्यापासून तो त्यांना वाचवतो आणि पुढे ते त्याला दत्तक घेतात. रत्नजडित पगडी, ‘सिम सिम सलाबिम’ म्हणत केलेली जादू, हे सगळे परदेशी कल्पनेतल्या भारताचेच चित्र. तरीही संकटात जॉनीच्या बरोबरीने डोके चालवणारा, त्याचा भाऊ म्हणून घरात वावरणारा भारतीय मुलगा त्या काळच्या अमेरिकी कार्टूनमध्ये दुर्मीळच होता. त्याचे मोल मोठे आहे. १९९६ च्या नव्या मालिकेत हाच हाजी बंगलोरच्या गादीचा वारस निघतो. ती मालिका या दोन्ही संचांत नाही.