आज्ञा पाळणारा कुत्रा दार का कुरतडतो?

'बस' म्हटलं की बसतो, 'थांब' म्हटलं की थांबतो. पण घरातले सगळे बाहेर पडले की हाच शहाणा कुत्रा दाराची चौकट कुरतडून काढतो. मालक प्रशिक्षकाला बोल लावतो, ते बरोबर नाही. आज्ञा पाळणं वेगळं आणि एकटं राहण्याची भीती वेगळी. पहिली गोष्ट प्रशिक्षक हाताळतो, दुसरी वर्तनाचा समुपदेशक; हे दोन पेशेही वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत.

प्रशिक्षकाची वाट पोलीस आणि लष्करातून येते. जर्मन पोलिसांचे कुत्रे तयार करणाऱ्या कोनराड मोस्ट यांचं पुस्तक १९१० सालचं. पट्ट्याचा हिसका आणि वेताची छडी ही त्यातली नेहमीची साधनं. तरी मोस्ट यांना एक नेमकं कळलं होतं: बक्षीस असो वा शिक्षा, ती त्याच क्षणी मिळाली तरच कुत्र्याला उमगते. पुढे अमेरिकेत लष्करी कुत्रे शिकवलेल्या विल्यम कोहलर यांनी १९६२च्या पुस्तकातून गळा आवळणारी साखळी घरोघरी पोचवली.

या धाकाला शास्त्राचा मुलामा मिळाला तो लांडग्यांमुळे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांमधली वर्चस्वाची भांडणं पाहून १९४७ साली निबंध लिहिला. त्यातूनच 'कळपाचा म्होरक्या' ही कल्पना रुजली. ती लोकप्रिय करण्यात हातभार लावणारे डेव्हिड मीच यांनीच १९९९ साली सांगितलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पोरं. 'घरात तुम्हीच म्होरके व्हा' हा सल्ला मात्र अजून हटलेला नाही.

दुसरी वाट प्रयोगशाळेतली. रशियन शरीरशास्त्रज्ञ पावलोव्ह पचनाचा अभ्यास करत होते, १९०४चं नोबेलही त्यासाठीच मिळालं. अन्न तोंडात पडण्याआधीच कुत्र्यांना लाळ सुटते, अगदी ते आणणाऱ्याची चाहूल लागली तरी, हे त्यांनी हेरलं. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी बक्षिसाच्या जोरावर प्राणी शिकवण्याचा धंदाच थाटला. १९६१ साली त्यांनी आपली फजितीही प्रांजळपणे छापली. डब्यात नाणं टाकायला शिकवलेल्या रॅकूनला दोन नाणी दिली, तर तो ती कंजुषासारखी एकमेकांवर घासत बसायचा, डब्यात बुडवून पुन्हा बाहेर काढायचा. जातीचा स्वभाव बक्षिसाला बधत नाही. मला हा निबंध यशाच्या सगळ्या कहाण्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

डॉल्फिनना शिट्टीच्या खुणेवर शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांच्यामुळे १९९०च्या दशकात क्लिकर, म्हणजे बक्षिसाची खूण म्हणून 'टिक' वाजवायची छोटी डबी, कुत्र्यांच्या वर्गात आला. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचं महत्त्व स्कॉट आणि फुलर यांनी त्याआधीच, १९६५ साली, दाखवून दिलं होतं. या काळात माणसांची सवय झाली नाही, तर पुढे भीती घर करते.

समुपदेशक आला तो या दुसऱ्या वाटेवरून. १९७४ साली अमेरिकेतल्या तिघा अभ्यासकांनी 'प्राण्यांचं चिकित्सा-मानसशास्त्र' असा प्रस्ताव मांडला. ब्रिटनमध्ये १९८९ साली समुपदेशकांची संघटना उभी राहिली. तिचे सदस्य पशुवैद्यांनी पाठवलेलेच कुत्रे तपासतात. कारण सरळ आहे: गुरगुरणाऱ्या कुत्र्याचं कंबरडंच दुखत असेल, तर शिकवणी काय कामाची?

चौकट कुरतडणाऱ्याच्या घरी समुपदेशक आधी एकट्या कुत्र्याचं चित्रीकरण मागवतो. बऱ्याचदा दिसतं की धाप दार लागण्याआधीच, किल्ल्या खुळखुळल्या की सुरू होते. मग मालकाचा गृहपाठ ठरतो: किल्ल्या उचलायच्या, खिशात टाकायच्या आणि पुन्हा सोफ्यावर येऊन बसायचं. दिवसातून कितीतरी वेळा, कुत्रा मान वर करेनासा होईपर्यंत.