काटेसावर फुलली की कर्नाळा: सहकुटुंब सहलीची माहिती

पंचांगातला वसंत चैत्रात येतो, पण आपल्याकडच्या रानात त्याची चाहूल माघ-फाल्गुनातच लागते. पानं झडलेल्या काटेसावरीवर लाल फुलं दिसू लागली की आमच्या दोन गाड्या दर शनिवारी-रविवारी ठाण्याहून पनवेलजवळच्या कर्नाळ्याला, तिथल्या पक्षी अभयारण्यात आणि किल्ल्यावर, निघतात. ही सहल आम्ही फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतच करतो. त्यानंतरच्या उन्हात लहान मुलांना घेऊन डोंगर चढणं आम्हाला पटत नाही.

अंतर सुमारे 50 किमी. गाडी पहाटे 5 वाजता तुमच्या सोसायटीच्या गेटवर येते. "सहा करा ना," असं पुष्कळ जण म्हणतात, आणि सुरुवातीला आम्ही ते ऐकायचो. एकदा असंच साडेआठला पोहोचलो. अकराच्या सुमारास किल्ल्याच्या चढावर सात वर्षांची एक मुलगी रडायला लागली, बाटल्या तळाला गेल्या होत्या आणि पक्षी केव्हाच सावलीत गप्प झाले होते. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून पाच म्हणजे पाचच.

पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्गाला लागलं की शिरढोण येतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 1845 साली इथलाच, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. पुढे कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसला की मागे झोपलेल्या मुलांना उठवा.

कर्नाळा 1968 साली पक्षी अभयारण्य झालं. आजचं क्षेत्र 12.11 चौ. किमी, म्हणजे तसं लहानच. पण पहिला तास आम्ही कुठेही चालत नाही. फुललेली एक काटेसावर गाठतो आणि तिच्यापासून थोडं लांब बसतो. तिची फुलं जाड पाकळ्यांची, वाटीसारखी, आणि त्या वाटीत मध. कोतवाल येतो, साळुंक्या भांडतात, बुलबुल डोकं आत खुपसतो आणि बाहेर काढतो तेव्हा कपाळाला पराग लागलेले असतात. तेच पराग तो पुढच्या झाडाला नेऊन देतो. शाळेच्या पुस्तकातलं परागीभवन मुलांना इथे डोळ्यांसमोर दिसतं. मध्येच एखादं फूल धप्पकन खाली पडतं. ते हातात घेऊन बघा, पण झाडावरचं तोडू नका.

दुर्बिणी आम्ही देतो: मोठ्यांना 8×42, मुलांना हलकी 8×32. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधू गेलात तर नुसती पानंच दिसतील. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडा खाली दुमडा.

किल्ल्याचा चढ दीड ते दोन तासांचा आहे. ज्यांना झेपणार नाही, त्यांनी आजी-आजोबांसोबत खालच्या निसर्गवाटांवर फिरावं. तांबटाचं टुक्‌टुक् आणि नशीब असेल तर स्वर्गीय नर्तकाची लांब शेपटी तिथेही भेटते. वर जाणाऱ्यांसाठी एक नियम मात्र अटळ आहे. सुळक्याला आग्या मधमाश्यांची मोहोळं असतात, म्हणून अत्तर, डिओ, सिगारेट आणि आरडाओरडा पूर्ण बंद. सोबतच्या माणसाने "इथूनच मागे" म्हटलं की मागे फिरायचं.

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना जवळ बोलावणं आमच्या सहलीत चालत नाही. हे दिवस जोड्या जमवण्याचे आणि घरटी बांधण्याचे. खोट्या आवाजामागे धावण्यात पक्ष्याची ताकद फुकट जाते.

परतताना भरतीची वेळ जुळली तर नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर थांबतो. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात खातात आणि भरतीचं पाणी चढलं की अशा उथळ जागी विसाव्याला येतात. वेळ जुळली नाही, तर थेट घरी.

सोबत प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, पकड असलेले बूट आणि मातकट रंगाचे कपडे आणा. पोळी-भाजीचा स्टीलचा डबा घरून घ्या, सकाळचा चहा आमच्याकडे. भाड्यात गाडी, चालक, मार्गदर्शक आणि दुर्बिणी धरल्या आहेत, अभयारण्याचं प्रवेशशुल्क वेगळं. एका गाडीत एकच कुटुंब, जास्तीत जास्त सहा जण. कोणाला मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असेल तर नोंदणी करतानाच सांगा.