दाढ ठणकायच्या आधी

"ब्रश केला नाहीस ना, तर डॉक्टरकाका सुई टोचतील!" हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. दवाखान्याची पायरी चढण्याआधीच मुलाच्या मनात भीती घर करून बसते. आणि आपण त्याला नेतो तरी कधी? दाढ ठणकून अख्खी रात्र रडून काढल्यावर. म्हणजे डेंटिस्टशी पहिली ओळख होते तीच कळा सोसत.

बालदंतवैद्य सांगतात, पहिला दात आल्यावर ६ महिन्यांच्या आत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाला दाखवून आणा. एवढ्याशा दातांत बघायचं काय, असं आजी विचारतेच. बाळाचा वरचा ओठ हलकेच उचलून उजेडात बघा. हिरडीलगत खडूसारखा पांढुरका पट्टा दिसला, तर ती किडीची सुरुवात असू शकते. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि त्या आम्लात इनॅमलमधले, म्हणजे दातावरच्या टणक कवचातले, क्षार विरघळतात. दुधाच्या दातांचं इनॅमल पातळ, त्यामुळे कीड झपाट्याने आत शिरते. मात्र खड्डा पडलेला नसेल, तर फ्लोराइडचा लेप आणि नीट घासणं यांनी ती थोपवता येते. रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात आधी किडतात; खालच्यांना जीभ आणि लाळ सांभाळून घेतात.

"पडणारच आहेत की ते!" हे मला अजिबात पटत नाही. दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत चावायच्या कामी येतात, शिवाय पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात.

तान्ह्या बाळाला खुर्चीत बसवतही नाहीत. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात. बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, मग अलगद मागे झुकवून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. रडलं तरी आईचा चेहरा त्याला दिसत राहतो. जरा मोठ्या मुलांसाठी 'सांगा, दाखवा, करा' ही पद्धत आहे; दंतवैद्य अ‍ॅडलस्टन यांनी ती १९५९ साली मांडली. फिरता ब्रश आधी मुलाच्या नखावर गुदगुल्या करतो, मग दातावर जातो.

घरी "अजिबात दुखणार नाही हं" असंही म्हणू नका. दुखण्याचा विचार ज्याच्या मनात नव्हता, त्यालाही तो त्या शब्दाने सुचतो. "डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत" एवढं पुरे. वेळ सकाळची घ्या, झोप आणि नाश्ता झालेला असू द्या. आदल्या दिवशी हातात चमचा देऊन त्यालाच डॉक्टर करा, तुम्ही आ करून बसा आणि त्याला तुमचे दात मोजू द्या. मग त्याचे तुम्ही मोजा. तीन वर्षांच्या मुलाचे वीस भरतात.