हेज यांचे दप्तर: वकिली ते युद्धभूमी

रदरफोर्ड हेज अमेरिकेचे एकोणिसावे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या कागदपत्रांचा खरा कस मात्र त्याआधीच्या काळात दिसतो. १८५० पासून ते सिनसिनाटीत वकिली करत होते. ओहायो नदीच्या अलीकडे मुक्त राज्य, पलीकडे गुलामगिरीचे केंटकी. त्याच वर्षीच्या कायद्याने पळून आलेल्या गुलामाला मुक्त राज्यातूनही धरून नेता येई.

१८५५ मधला रोझेटा आर्मस्टेडचा खटला त्यातलाच. केंटकीतल्या मालकाने या मुलीला दुसऱ्याच्या सोबतीने व्हर्जिनियाला धाडले आणि वाटेत ती ओहायोत आली. तिथल्या न्यायालयाने तिला मुक्त ठरवल्यावर मालकाने पळपुटी म्हणून तिला पुन्हा अटक करवली. गुलामगिरीविरोधी वकील सॅमन चेस यांच्यासह हेज तिच्या बाजूने उभे राहिले. ती पळालीच नव्हती, मालकाच्या माणसानेच तिला मुक्त राज्यात आणले होते, मग तिला हा कायदा लागू कसा? हा मुद्दा टिकला आणि रोझेटा सुटली. अशा कामाचा माग काढताना हेज यांच्या रोजनिशीवर थांबू नये. युक्तिवाद शोधायचे ते न्यायालयाच्या दप्तरांत आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांत.

अमेरिकी यादवी युद्धाच्या काळासाठी मात्र रोजनिशी आणि पत्नी ल्यूसी व मामा सार्डिस बर्चर्ड यांना लिहिलेली पत्रे शेजारी ठेवूनच वाचावीत. १८६१ मध्ये हेज २३व्या ओहायो पायदळ रेजिमेंटमध्ये मेजर म्हणून दाखल झाले. १४ सप्टेंबर १८६२ रोजी साउथ माउंटनच्या लढाईत गोळीने त्यांचा डावा दंड मोडला. ल्यूसींना तार मिळाली, पण ते कुठे आहेत हे तिच्यावरून नीट कळेना. त्यांनी वॉशिंग्टनची रुग्णालये धुंडाळली, आणि हेज होते मेरीलँडमधल्या मिडलटाउनला. तारेवरून ठिकाण ठरवणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवावे.

१८७७ च्या एप्रिलमध्ये, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, हेज यांनी दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना इथल्या राज्य सरकारांच्या पाठीशी उभे असलेले संघीय सैन्य मागे घेतले. कृष्णवर्णीयांचे हक्क जपू असा शब्द तिथल्या नेत्यांनी दिला होता; त्यांना सुरक्षितता लाभेल ही आशा हेज यांनी त्याच महिन्यात रोजनिशीत नोंदवली. रोझेटाची बाजू लढवलेल्या माणसाने दक्षिणेतल्या नेत्यांच्या शब्दावर इतका भरवसा ठेवावा, हे वाचताना फार जड जाते. ती आशा फोल ठरली.

हेज १८९३ मध्ये वारले. मुलगा वेब याने ओहायोतल्या फ्रीमाँट इथली स्पीगल ग्रोव्ह ही मालमत्ता राज्याला दिली. अट एकच: कागदांसाठी आगीपासून सुरक्षित इमारत बांधावी. ती १९१६ मध्ये खुली झाली आणि अमेरिकेतले पहिले राष्ट्राध्यक्षीय ग्रंथालय ठरली.

रोजनिशी आणि पत्रे १९२२ ते १९२६ दरम्यान पाच खंडांत छापली गेली. पण संपादकाने भाषा सफाईदार केली, काही मजकूर गाळला. एखाद्या शब्दावर युक्तिवाद उभारायचा असेल तर हस्तलिखित पाहावेच लागते. राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षांपुरती १९६४ ची मूळबरहुकूम आवृत्ती चालेल.