यूएसबी वायफाय अडॅप्टर घरी नेलात? जोडण्याआधी हे वाचा

हा बोटाएवढा अडॅप्टर नेट तयार करत नाही. राऊटरचं नेट हवेतून कॉम्प्युटरपर्यंत पोचवतो, एवढंच त्याचं काम. रिचार्ज संपला असेल तर अडॅप्टर बदलून काही होणार नाही.

विंडोज १० किंवा ११ असेल तर बहुतेक वेळा तो लावल्यावर थोड्याच वेळात खाली उजव्या कोपऱ्यात वायफायची खूण येते. नेटवर्कचं नाव निवडा, पासवर्ड घाला, झालं. खूण आली नाही तर ड्रायव्हर (अडॅप्टर चालवायला कॉम्प्युटरला लागणारं सॉफ्टवेअर) घालावा लागतो आणि खरी पंचाईत इथंच होते: नेटसाठी ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरसाठी नेट. बॉक्समध्ये कधी छोटी सीडी असते, पण सीडी ड्राइव्ह आता कुणाकडं आहे? अँड्रॉइड फोन डेटा केबलनं जोडा, सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळेल. ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून घ्या. मॉडेल नंबरासोबत व्ही १, व्ही २ असं छापलं असेल तर तेही जुळवा, कारण एकाच मॉडेलमध्ये आतली चिप वेगळी असू शकते. काही अडॅप्टर आधी सीडी ड्राइव्हसारखे दिसतात. ते बिघडलेले नसतात, ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. सेटअप फाइल चालवा.

सीपीयूच्या मागं भिंतीकडं लावलेला अडॅप्टर पत्र्याच्या आडोशाला पडतो. शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टवर हार्ड डिस्क चालू असेल तर वायफायच्या नेहमीच्या दोन बँडपैकी (२.४ आणि ५) २.४ गिगाहर्ट्‌झच्या सिग्नलला आणखी त्रास. मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून अडॅप्टर टेबलावर आणा. महागडं मॉडेल घेण्याआधी ही केबल घ्या, असंच आम्ही सांगतो.

५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण भिंतीपुढं लवकर हात टेकतो. बेळगावात शहापुरातल्या जाड भिंतींच्या जुन्या घरात किंवा खानापूरकडच्या चिऱ्याच्या घरात राऊटर पलीकडच्या खोलीत असेल तर २.४ च बरा. टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये उलट: शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची २.४ वर गर्दी, तिथं ५ घ्या. सिंगल बँड (फक्त २.४ वर चालणाऱ्या) अडॅप्टरला मात्र ५ गिगाहर्ट्‌झचं नाव यादीत दिसणारच नाही. उद्यमबागेतल्या शेडमध्ये पत्र्याची पार्टिशनं आडवी येत असतील तर अडॅप्टरवर पैसे घालू नका, सरळ लॅनची वायर ओढून घ्या.

नेट अधूनमधून तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्याची टिक काढा. तरीही जमलं नाही तर अडॅप्टर, बिल आणि राऊटरच्या लेबलचा फोटो घेऊन दुकानात या.