खाली गुंता, दोष वरच्या दोऱ्याचा

शिलाई मशीनवर टीप घालताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला, की दोष बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाचा आहे, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि त्यापायी बॉबिन केसचा (बॉबिन बसते त्या डबीचा) खालच्या दोऱ्याचा ताण ठरवणारा बारीक स्क्रू विनाकारण पिळला जातो. वास्तविक दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या मध्ये बसायला हवी. वरच्या दोऱ्याला ताण नसेल, तर खालचा दोरा त्याला खाली ओढतो आणि तिथे वेटोळी साचतात. वर लाल व बॉबिनमध्ये पांढरा दोरा घालून पाहावे: खालचा गुंता लाल निघतो.

बहुतेक वेळा कारण एवढेच असते, की प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवलेला असतो. तेव्हा टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असल्याने दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही. फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवावा, मग फूट खाली करून तो हलकेच ओढावा. सुई किंचित वाकण्याइतका विरोध जाणवला, तर दोरा नीट बसला आहे. (हे करताना सुई सर्वांत वर असावी.) बॉबिनचा दोरा वरच्या बाजूला दिसू लागला, तरीही आधी वरचे टेन्शन सैल करून पाहावे आणि स्क्रूला अगदी शेवटी हात लावावा.